कुठली चक्की?

१२ फेब्रुवारी

नणंदबाई,

पाकिटावर 'शिवणकामाबद्दल चौकशी' असं लिहिलंय ना, ते माझ्या सांगण्यावरून. अक्षर सुनेचं, लबाडी माझी. आधीची दोन पत्रं तुम्ही न फोडता परत धाडलीत, म्हणून या खेपेला गिऱ्हाईक होऊन आले. दुकानात आलेल्या बाईला दारातून हाकलायची तुमची पद्धत नसावी. आता फोडलंच आहे तर वाचा.

नमस्कार सांगते, पण उभ्यानेच. कंबर एकदा खाली गेली की तिला परत वर यायचं सुचत नाही.

मागच्या आठवड्यात गावात एक पाणीसाहेब आले. कोवळं पोर, बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधावरून तारेवर चालल्यासारखं चालणारं. त्याच्याजवळ नकाशा होता. नकाशात आपल्या पाटाला पाणी सोडलंय ते चक्कीसाठी, असं लिहिलेलं. त्याने सुताराला विचारलं, "चक्की कुठे आहे?" सुताराने रंध्यावरचा हातही उचलला नाही. म्हणाला, "कुठली चक्की?" मग तो दाईबाईकडे गेला. ती म्हणाली, "कुठली चक्की?" शाळेतल्या पोरांना विचारलं, ती तर एका सुरात म्हणाली. शेवटी बिचारा माझ्याकडे आला, पाणी प्यायला, आजी म्हणाला. आणि नणंदबाई, माझ्याही तोंडून तेच निघालं.

त्याने वहीत लिहिलं, 'चक्की आढळली नाही.' चक्की नाही तर पाट नाही, असा त्यांचा नियम. उन्हाळा संपेपर्यंत पाटावर चालती चक्की दाखवली तर पाणी आपलं, नाहीतर वरच्या दरवाजापासून वळवून खालच्या कारखान्याला. म्हणजे शेतं गेली, बागा गेल्या, विहिरीही आटल्या म्हणून समजा.

सून लिहिता लिहिता थांबली. म्हणते, "अख्खं गाव खोटं का बोललं?" हिच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण हिला कुणी काही सांगितलेलं नाही. आता तिला सांगते, तुम्हीही ऐका. तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून ऐकलेलं नाही.

हे गाव वसलं ते चक्कीमुळे. खोऱ्यातलं सगळं धान्य इथे दळायला यायचं. लढाई आली आणि पलटण खोऱ्यात उतरली, तेव्हा त्यांच्याकडे गव्हाच्या गोण्या होत्या, पीठ नव्हतं. ती येण्याच्या आदल्या दिवशी माझ्या सासऱ्यांनी, तुमच्या आबांनी, चक्की उलगडली. दळायच्या दगडाची वरची तळी, आस, लोखंडी दांडा, चाकाच्या फळ्या, दाण्याची पेटी. घरोघर एकेक भाग. घरची जाती तर आधीच विहिरीत गेली. खालची तळी हलेना, तिच्यावर शेणखताचा ढीग रचला, बघणाऱ्याला ते गोठ्याचं खोपटंच वाटावं असा. प्रत्येक घराला फक्त आपला भाग ठाऊक. शेजाऱ्याला विचारायचं नाही, नवऱ्याने बायकोला सांगायचं नाही. म्हणजे मार पडला तरी जीभ सैल व्हायला तिच्याजवळ काही असायला नको. आबा चक्कीच्या दारात उभे राहून म्हणाले, "आणा म्हटलं की आणायचं. मी म्हणेन. मी नसलो तर थोरली म्हणेल."

पलटणीने कपाटं उपसली, जमीन खणली. विचारून विचारून थकले. गाव एकच म्हणे, कुठली चक्की. आम्ही अख्खे दाणे शिजवून खाल्ले, ज्यांना दात नव्हते त्यांनी चघळून शिव्या दिल्या, पण पीठ कुणाला दिसलं नाही. थंडी सरायच्या आत पलटण उकडलेल्या गव्हाला विटून, अर्धपोटी निघून गेली. जाताना आबांना घेऊन गेली. ते परत आले नाहीत. तुम्हीही गेलात. आणा म्हणायला कुणी उरलंच नाही.

खंदक होते तिथे आता बदकं पोहतात, शिरस्त्राणांतून कोंबड्या दाणे टिपतात. सगळं मार्गी लागलं, एवढं एक सोडून. तुमचा भाऊ जन्मभर धुसफुसला, पण आबांचा शब्द मोडून 'आणा' म्हणायची छाती त्याची झाली नाही. मी तर बोलूनचालून सून. चाळीस वर्षं गाव आपापला भाग धरून बसलंय, कुणी कुणाला विचारत नाही.

थोरल्या तुम्ही आहात. एक शब्द पाठवा.

तुमची वहिनी

*

२८ फेब्रुवारी

वहिनी,

गिऱ्हाईक समजून पाकीट फोडलं. तू म्हातारी झालीस, तुझी लबाडी झालेली दिसत नाही.

एका कोटाचं कापड टेबलावर पसरलंय. त्यावर वजन ठेवून कात्री बाजूला केली आहे, तेवढ्यात लिहिते.

पाट बंद झाला तर मला वाईट वाटेल. पण ज्या गावाने माझ्या बापाकडे बोट दाखवलं, त्या गावाला मी कुठल्या तोंडाने काही सांगू? त्या दिवशी मला आबांनी वरच्या कुरणात पाठवलं होतं. खाली उतरले तेव्हा त्यांना गाडीत घालून नेलेलं होतं. सगळे पुरुष एका रांगेत उभे होते म्हणे. त्या रांगेतून चक्कीवाला कोण हे त्या परक्या माणसांना कळलं कसं? आणि मी आले तेव्हा लोहार त्यांच्या मागे राहिलेल्या घोड्यांना नाल ठोकत होता. त्या लोहाराशी माझं लग्न ठरलेलं होतं, हे सुनेला तू सांगितलं नसशील. आता ते तिला वाचून कळेल.

तू म्हणतेस, सगळ्यांनी जपलं. मला वाटतं, सगळ्यांनी मोडीत घातलं, म्हणून तर कुणी कुणाला विचारत नाही. मी आणा म्हटलं आणि सगळे हात हलवत आले, तर? इतकी वर्षं नुसता संशय आहे. त्याच्यासोबत राहायची सवय झालीय. खात्री करून घ्यायची हौस नाही.

तुझी,
नणंद

ता. क. सुनेचं अक्षर चांगलं आहे. तिच्यावर ओरडत जाऊ नकोस.

*

९ मार्च

नणंदबाई,

ता. क. वाचल्यापासून सून हवेत आहे. दुपारचा चहा मला मागून घ्यावा लागला.

रांगेचं तुम्ही विचारलंत. चाळीस वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं. मी तिथे होते. शिपायांना पाणी द्यायला मला उभं केलं होतं, घागर माझ्या कडेवर होती.

त्यांच्या कप्तानाने कुणाला काही विचारलंच नाही. त्यांच्या पलटणीचा आचारी पुढे आला. थोराड, मान खाली घालून चालणारा. तो रांगेतून चालत गेला आणि प्रत्येकाला डावा हात पुढे करायला लावला. तोंडाकडे बघितलंच नाही कुणाच्या. आबांच्या हातापाशी थांबला. नणंदबाई, तळीला टाकी लावताना छिन्नीची कणी उडते आणि कातडीत शिरते. ते निळे ठिपके धुऊन जात नाहीत. तो आचारी कुठल्यातरी चक्कीवाल्याचाच मुलगा असणार. आबांचा हात हातात धरून तो रडवेला झाला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण कप्तान मागेच उभा होता.

बोट कुणी दाखवलं नाही. हातानेच सांगितलं.

आणि आता हे पत्र ज्या हातात धरलंय तो तुमचा डावा हात बघा. चक्की तुमच्या हातची होती, टाकी तुम्हीही लावायचात. आबांनी तुम्हाला कुरणात का धाडलं असं वाटतं तुम्हाला? गवत कापायला?

आता लोहाराचं. बंदूक लावून नेलेला माणूस नाल ठोकतो, नाहीतर काय करतो. पण ठोकताना त्याने प्रत्येक खिळा केसभर वाकडा मारला. खिंडीपर्यंत पोहोचेस्तोवर त्यांची निम्मी घोडी लंगडत होती. स्वतः तो हे कुणाला सांगत नाही. मला त्याच्या बायकोने सांगितलं, ती गेली त्याला आता पाच-सहा वर्षं झाली. ती बिचारी तुमच्याबद्दलही चांगलंच बोलायची. मी तिच्या जागी असते तर बोलले नसते.

कुणी फितूर असता तर पलटणीला चक्कीची निदान एक फळी तरी सापडली असती. खिळासुद्धा सापडला नाही. हात रिकामे निघतील की भरलेले, मलाही ठाऊक नाही. मला माझ्या भागापुरतं ठाऊक आहे. पण तुमच्या संशयासाठी पाणी थांबणार नाही. उन्हाळा तोंडावर आलाय.

तुमची वहिनी

(मी सून. हे सासूबाईंना न सांगता लिहिते आहे. त्या रोज पोस्टमनला दारात अडवतात आणि आपल्याला काहीच पडलेली नाही असं दाखवतात. कृपा करून लवकर लिहा.)

*

२५ मार्च

वहिनी,

बघितला हात. अंगठ्याखाली सात-आठ ठिपके आहेत. गिऱ्हाइकं विचारतात, "शाई लागली का?" मी हो म्हणते. मला स्वतःलाही हल्ली तेच वाटायला लागलं होतं.

मी तुझ्यासाठी करत नाही, पाटासाठीही नाही. कोण काय आणतो ते मला कळायला हवं. प्रत्येकाचं कळव, चांगलं वाटावं म्हणून एकही फळी वाढवून सांगू नकोस. हे खाली लिहिते ते चक्कीच्या दारात वाचून दाखव.

आणा.

चक्कीवाल्याची थोरली

*

८ एप्रिल

नणंदबाई,

बसून वाचा.

रविवारी सकाळी सगळ्यांना चक्कीच्या दारात बोलावलं. 'चक्कीच्या' म्हटलं तशी लोकांची तोंडं उघडली आणि मिटली, पण आले. सुनेने तुमचा शब्द वाचला. एकच शब्द, तोही तिने दोनदा वाचला.

कुणी हललं नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत उभे. म्हटलं, नणंदबाई म्हणतात तेच खरं, आणि मी पाण्यापायी म्हातारीची जुनी जखम उकरली. तेवढ्यात दाईबाई म्हणाली, "मला पहार लागेल. आणि चार माणसं. माझ्या दारातली पायरी काढायचीय."

सुतार म्हणाला, "तुझी पायरी कशाला?"

ती म्हणाली, "उलटी घातलेली वरची तळी आहे ती. तुझा प्रत्येक पोरगा तिच्यावरून माझ्या घरात आलाय, तुला कधी कळलं?"

सुताराने तिच्याकडे बघितलं आणि घराकडे पळत सुटला. तो पळाला तसं अख्खं गावच पळालं. मी आणि सून दोघीच दारात उरलो, आणि समोर रस्ताभर चपला.

आता ऐका, वाढवून सांगत नाही. सुताराच्या आईने दोन फळ्या आणल्या, त्यांवर चाळीस वर्षं लोणच्याच्या बरण्या होत्या, वास अजून जात नाही. धनगराने कुंपणाचं फाटक खांद्यावर टाकून आणलं, आडव्या पट्ट्या चाकाच्या. चांभाराचं घर कधीच रिकामं झालंय, पण त्याच्या दुकानाची पाटी जागेवर होती. शेजारणीने ती उलटून बघितली, तर फळीच. शाळामास्तर नवे आहेत, त्यांना काही ठाऊक नाही. ते उत्साहाच्या भरात शाळेचा बाक घेऊन आले, तो परत पाठवला.

मी दाण्याची पेटी दिली. सून बघतच राहिली. तिचा नवरा त्या पेटीत झोपून मोठा झाला, तिची दोन्ही पोरंही. म्हणते, "पाळणा म्हणून मी हिला रंग दिला हो." म्हटलं, दिलास ते बरं केलंस, कीड लागली नाही. आणि आस सापडत नव्हता, तर सुतार माझ्याच गोठ्यात शिरला आणि आढ्याकडे बोट दाखवून हसायला लागला. तुमच्या भावाने गोठ्याचा आडवा वासा म्हणून चढवला होता. जन्मभराचा संसार केला मी त्या माणसाशी, रोज त्याच्या खाली बसून दूध काढलं. एका अक्षराने बोलला नाही. रागावले, आणि मग गोठ्यातच थोडी रडले. तेही लिही म्हटलं सुनेला.

लोहार शेवटी आला. दांडा एका टोकाला त्याने धरलेला, दुसऱ्या टोकाला त्याच्या नातीने. त्याच्या दुकानाच्या दारातच उभा होता हो तो दांडा, बाकीच्या सळ्यांमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पलटणीच्या घोड्यांची तोंडं त्याला बांधलेली असायची. लोहाराने तो खाली ठेवला, आणि मी हात लावून बघितलं. गंजाचा एक कण नाही. दर वर्षी तेल लावत होता.

सगळं आलं, नणंदबाई. तळीपासून खुंटीपर्यंत. एक सोडून. वरच्या तळीच्या पोटात बसतं आणि अख्खी तळी दांड्यावर तोलून धरतं ते लोखंडी फुलपाखरू नाही. ते नाही तर बाकी सगळं म्हणजे सरपण आणि एक दगड.

ते लोहाराने घडवलेलं, भाता तुम्ही ओढत होतात. तेव्हा लोकांच्या नजरा त्याच्याकडेच वळल्या. तुमची चाळीस वर्षांची नजर होती ना, तशाच. तो म्हणाला, "माझ्याकडे नाही." सुतार म्हणाला, "मग दुसरं घडव." तर म्हणाला, "घडवणार नाही. पहिलं आहे कुठेतरी." आणि हात पुसून घरी गेला.

ते कुणाकडे आहे, हे मी विचारत नाही. विचारायचं नाही असा नियम आहे, आणि मी नियमाची बाई. पण 'आणा' म्हटलं होतं ते सगळ्यांना म्हटलं होतं, एवढं माझ्या मनात आलं.

सुतार चाक जोडतोय. आवाज इथपर्यंत येतो.

तुमची वहिनी

*

२० एप्रिल

वहिनी,

म्हटलं मी, आणि आणलं नाही मीच. गावात माझंच घर तेवढं राहिलं.

आधी वाटलं होतं, बाकीच्यांचं बघू, मग माझं सांगेन. सगळे रिकाम्या हातांनी आले असते तर मी कधीच सांगितलं नसतं. आबांनी फुलपाखरू माझ्या ओटीत घातलं तेव्हा म्हणाले होते, "हे जड आहे, पण तुझ्याकडेच ठीक." इतकी वर्षं त्याखाली लोकांचे कोट आणि झगे दाबून कापले. तू पत्रात वजन वाचलंस तेव्हाच ओळखलं असणार, मला माहीत आहे. पत्र लिहिताना ते माझ्या कोपरापाशीच होतं.

हातातलं काम संपवून दिलं, नवं घेतलं नाही. शनिवारच्या बसने येते. पिशवी जड आहे, स्टँडवर कुणीतरी हवं. तू येऊ नकोस, तुझ्या कंबरेचा भरवसा नाही. ज्याने घडवलं तो आला तर बरं. त्याला वजन ठाऊक आहे.

टाकीची छिन्नी कुणाकडे आहे? तळीला धार लावल्याशिवाय चालवू नका. मी आल्याशिवाय हातही लावू नका.

थोरली

*

१८ मे

पाणीसाहेब,

मी ती पाणी देणारी आजी. हे पत्र माझं आहे, अक्षर माझ्या नणंदबाईंचं. सून लिहायला मोकळी नाही, ती पेटीत दाणे ओततेय आणि पिठाने भुतासारखी पांढरी झालीय.

तुम्ही विचारलं होतंत, चक्की कुठे आहे. त्या वेळी आम्ही सगळेच तुमच्याशी जरा तुटक वागलो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या प्रश्नाला तेच उत्तर द्यायची इथे तीन पिढ्यांची सवय आहे. तुमच्या आधी ज्यांनी विचारलं, त्यांच्याकडे बंदुका होत्या. तुमच्याकडे नुसती वही होती, तरी निभावलं तुमचं.

नणंदबाई गेल्या महिनाअखेरीच्या शनिवारी उतरल्या. लोहार सकाळपासून स्टँडवर होता, पहिल्या बसपासून. (दुसऱ्या. त्याने मला स्वतः सांगितलं. - न.) बरं, दुसऱ्या. त्याने पिशवी हातात घेतली, तोलली, आणि म्हणाला, "झिजलं नाही." चाळीस वर्षांनी भेटलेल्या बाईला माणूस हे म्हणतो. नणंदबाई म्हणाल्या, "तेल नव्हतं माझ्याकडे." मग दोघं चालत आले. रस्त्यात काय बोलले ते मला कुणी सांगत नाही. (सांगणारही नाही. - न.) या गावात गुपित ठेवायची कला आहे, साहेब, तुम्ही पाहिलंच आहे.

मग बाईसाहेबांनी दोन आठवडे कुणाला तळीजवळ फिरकू दिलं नाही. पालथ्या घातलेल्या तळीपुढे मांडी घालून बसायच्या, हातात छिन्नी, आणि टक टक टक. चहा तिथे, जेवण तिथे. सुताराने म्हटलं, "मी मदत करू?" तर म्हणाल्या, "तुझ्या फळ्यांचा लोणच्याचा वास घालव आधी." त्यांच्या डाव्या हातावर आता नवे ठिपके आहेत. त्या दिवशी सून म्हणाली, "आत्याबाई, शाई लागलीय." नणंदबाई म्हणाल्या, "शाई नाही ती." एवढंच. पण असं म्हणाल्या की सुनेने हातातलं सूप खाली ठेवलं.

मग काल. फुलपाखरू तळीच्या पोटात बसवलं, कानस लावायची गरज पडली नाही. गाव दारात, खिडकीत, झाडावर. दाईबाईला खुर्ची दिली, तिची पायरी गेली म्हणून मान. नणंदबाई पाटावर गेल्या, पाणी अडवणारी फळी दोन्ही हातांनी धरली. उचलायच्या आधी थांबल्या. मोठ्याने म्हणाल्या, "आबा, आणलं."

पाणी आलं, साहेब. आधी चाक कुरकुरलं, माझ्यासारखं. मग हललं. मग आस फिरला, गोठ्यात चाळीस वर्षं आडवा झोपलेला, आणि वरची तळी गरगरायला लागली, आणि जमिनीखालून आवाज आला तो थेट तळपायांतून वर चढला. आमच्या पोरांनी तो कधी ऐकलेला नव्हता, ती घाबरली. म्हाताऱ्यांनी ऐकलेला होता, त्यांचं काय झालं ते लिहीत नाही, कारण नणंदबाईंनी लेखणी खाली ठेवलीय आणि डोळे पुसताहेत. (डोळ्यात पीठ गेलं. - न.)

पहिल्या पिठाची पिशवी या पत्रासोबत पाठवली आहे. त्यात लोणच्याचा वास आला तर तो सुताराच्या आईचा दोष, चक्कीचा नाही.

आता तुमचा नियम. चालती चक्की दाखवा, पाणी तुमचं, असं तुम्ही माझ्या ओसरीवर म्हणाला होतात. तर वही घेऊन या, आणि 'आढळली नाही' लिहिलंय त्यावर रेघ मारा. शाई लागली तर आमच्याकडची वापरा. बूट जुने घाला, यंदा पाट भरून वाहतोय.

एक सांगायचं राहिलं. गावात शिरल्यावर चक्कीचा रस्ता कुणाला विचारू नका. सवय अजून गेलेली नाही, ते सांगतील, कुठली चक्की. तुम्ही आपले आवाजाच्या रोखाने सरळ चालत या.

आजी